शेंगा भरायच्या दिवसांत

प्रयागबाईंचं काम सांगायला सोपं होतं. झाडांना पाणी द्यायचं नाही.

नागपुरातल्या एका पीक संशोधन केंद्रात त्या एकोणीस वर्षांपासून रोजंदारीवर होत्या. काचघरात सोयाबीनच्या कुंड्या रांगेनं मांडलेल्या. रोज सकाळी एकेक कुंडी काट्यावर चढवायची आणि वजन वहीत टिपायचं. पांढऱ्या चिठ्ठीच्या कुंडीला जेवढं वजन घटलं तेवढं पाणी द्यायचं, लाल चिठ्ठीच्या कुंडीला थेंबही नाही. पलीकडच्या रांगेतली झाडं मिठाच्या पाण्यावर वाढायची. त्यांची पानं कडेपासून आत करपत जायची.

पहिल्या वर्षी त्यांना रोज अपराधी वाटायचं. हातात पाइप, आणि समोर झाड मान टाकून उभं. साहेबांनी समजावलं की यातूनच कोरड्यात तगणारं वाण निघेल. पुढं सवय झाली. इतकी, की पान पाहून त्या सांगायच्या, हे झाड अजून पाच दिवस काढेल, हे तीन. प्रयोग पाहणाऱ्या वेदिका मॅडम यंत्र लावायच्या आधी त्यांनाच विचारायच्या.

त्या वर्षी ऑगस्टात पावसानं दडी मारली. पंधराव्या दिवशी सावनेरकडच्या गावाहून धाकट्या भावाचा, बाबनरावांचा, फोन आला. "बाई, एक डाव येऊन जाय वं. सोयाबीन कसं तरी दिसून राहिलं."

रविवारी प्रयागबाई गेल्या. सकाळचे नऊ वाजले होते, आणि सगळं वावर पांढुरकं दिसत होतं. झाडांनी पानं उलटी केली होती, फिकट पाठ उन्हाकडं. दुपारी असं झालं तर झाड संध्याकाळी सावरतं. सकाळीच असं दिसलं म्हणजे रात्रभरातही त्याला मुळाशी काही मिळालेलं नाही. त्यांनी एक शेंग दाबली. आत दाणा नुकता धरत होता.

"किती दिवस?" बाबनरावांनी विचारलं.

"आठ. मुरमाकडच्या तासांले पाच." मुरमाड कडेच्या ओळींकडं त्यांनी बोट दाखवलं.

विहीर तळाला गेली होती. बोअरला पाणी होतं, पण ते खारट, त्यात डाळ शिजत नसे. प्रयागबाईंनी ओंजळभर तोंडात घेऊन थुंकलं. "हे नको देऊ गा. पानं जळतात यानं. मी रोज पाहतो."

"मंग कोणतं देऊ?"

प्रयागबाई विहिरीत डोकावल्या. गावात बाबनरावांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आपली बहीण शास्त्रज्ञांत काम करते. आणि बहिणीला मात्र झाड कसं मरतं एवढंच ठाऊक होतं. लाल चिठ्ठीचं झाड वाचवायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती.

सोमवारी त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी एका फवारणीचं नाव लिहून दिलं, मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "याने चार दिवस निघतील, प्रयागबाई. पण शेंगा भरताना झाडाला पाणीच लागतं. त्याला दुसरं काही नाही."

बाबनरावांनी फवारणी केली. चार दिवस निघाले. पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही, मुरमाकडच्या तासांना त्यांनी बोअरचं पाणी सोडलं. दोन दिवस झाडं टवटवीत दिसली, मग पानांच्या कडा तांबूस झाल्या. प्रयागबाईंना हे फोनवर कळलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांच्याजवळ द्यायला दुसरं पाणी कुठं होतं?

पाऊस आला तो सत्ताविसाव्या दिवशी, पोळ्याच्या आठवडाभर आधी. सणाला त्या गेल्या तेव्हा मुरमाची पट्टी सोडून वावर हिरवंगार झालं होतं. बाबनराव बैलांना सजवता सजवता लोकांना सांगत होते, पीक वाचलं, माझ्या बहिणीनं फवारणी सांगितली म्हणून. भावजयीनं प्रयागबाईंच्या ताटात आग्रहानं आणखी एक पुरणपोळी वाढली.

जेवण झाल्यावर त्या एकट्याच वावरात गेल्या. शेंगा दाबून पाहिल्या. एक, दोन, मग तासभर चालत पन्नासेक. बहुतेक चपट्याच. काचघरातही हेच होई. उशिरा पाणी मिळालेलं झाड हिरवं होतं, नवी पानंही काढतं. पण दाणा भरायचे दिवस गेले की गेले.

"आता जमते नं, बाई?" परतल्यावर बाबनरावांनी विचारलं.

"पाहू," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरात मळणी झाली. दाणे निघाले ते बारीक, सुरकुतलेले. कितीतरी भुशाबरोबरच उडून गेले. बाबनरावांनी मूठभर दाणे उचलून बहिणीच्या तळहातावर ठेवले.

"तुले पोळ्यालेच समजलं होतं नं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलून काय झालं असतं, बाबन?"

"काही नाही," बाबनराव म्हणाले. "पन तेवढा महिनाभर तू एकटीच होती नं वं."

प्रयागबाई खाली बसल्या आणि भुशात सांडलेले दाणे वेचू लागल्या. भाऊही शेजारी बसला.