गाडी तापवायची रीत

अकुलिनाने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्टिअरिंग हातात धरलं, तेव्हा सैबेरियातलं सगळं खारियालाख गाव कुंपणाशी येऊन हसलं. हसणारच. बालवाडीच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं लापशी ढवळलेली बाई, आणि शेजारी शिकवायला बसलेला तिचा नवरा तेरेंती, जन्मभर लाकडाचे ओंडके वाहिलेला ट्रक ड्रायव्हर.

"म्हातारे, पातेलं घासतेस का गियर टाकतेस?" तो ओरडे.

"तू तोंड मिट म्हाताऱ्या, मला रस्ता दिसेनासा झालाय तुझ्या बडबडीने," ती त्याहून मोठ्याने ओरडे.

शिकणं भागच होतं. तेरेंतीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी त्याला डायलिसिसला याकुत्स्क शहरातल्या इस्पितळात न्यावं लागे. जायला नव्वद किलोमीटर, यायला नव्वद. शहरात भाचीकडे राहूनही पाहिलं होतं. पण पाचव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून तेरेंतीने महिन्याभरात बोलणंच टाकलं, तेव्हा दोघं गाशा गुंडाळून परत आले.

उन्हाळ्यात याचं काही वाटत नाही. पारा उणे पन्नासच्या खाली गेला की मात्र गाडीची सेवा माणसापेक्षा जास्त करावी लागते. ज्यांच्याकडे गरम ठेवलेलं गॅरेज आहे ते सुखी. यांच्या गॅरेजचं छप्पर तेरेंती आजारी पडला त्या वर्षी खचलं ते खचलंच. गाडी अंगणात उभी, बॉनेटवर जाड गोधडी, रेडिएटरपुढे पुठ्ठा, आणि सगळी भिस्त गाडी घरातून चालू-बंद करायच्या रिमोटवर. दर दोन तासांनी गाडी आपली आपण चालू होई, वीस मिनिटं तापे आणि बंद होई. अकुलिनाची झोप त्या आवाजाला बांधलेली होती. आवाज वेळेवर आला की ती कूस बदलून पुन्हा झोपे.

गाडी तापवायची रीत तेरेंतीने तिच्याकडून घोकून घेतली होती. "हँडब्रेक ओढायचा नाही, गोठून चिकटतो. आणि एकदा चालू केलीस की अर्ध्यावर बंद करायची नाही. थंड इंजिनात वाफ धरते, ती बाहेर जायच्या नळीत गोठते. नळी तुंबली की आत दाब वाढतो, इंजिन सगळं ऑइल बाहेर फेकतं आणि कोरडं फिरून मरतं. पुरती तापव, नाहीतर हात लावू नकोस." अर्ध्या गावाला ही अक्कल त्यानेच शिकवली होती, आणि एखाद्याने चुकून पाच मिनिटांत गाडी बंद केली तर हा खिडकीतून त्याचा उद्धार करी.

असे तीन हिवाळे तिने काढले. त्याला मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळायचं, गाडीत आडवं करायचं, दहा पावलांपुढचं दिसणार नाही अशा धुक्यातून हाकायचं. चार तास तो मशीनवर, ही बाहेर बाकावर मोजे विणत. परतीच्या वाटेवर त्याला उलट्या, घरी आल्यावर हिला दोन गायींची धार. बाईने एक खेप चुकवली नाही. तिला त्याचा अभिमानही होता, आणि का नसावा?

तेरेंती मात्र वाळत चालला होता. गेल्या वसंतात तो एकदा म्हणाला, "पुरे झालं आता, अकुलिना. नको नेऊस."

"पुन्हा हे काढलंस तर हे सूप डोक्यावर ओतीन," ती म्हणाली. तो मुकाट्याने सूप प्यायला. विषय संपला, असं तिने धरून चाललं.

या डिसेंबरात त्याने रिमोट मागून घेतला. "माझ्यापाशी राहू दे. आवाज ऐकत पडेन, तेवढीच करमणूक." तिने दिला. मग ती गोठ्यात असली की कधीकधी गाडी चालू झाल्याचं ऐकू येई, आणि थोड्याच वेळात बंद झाल्याचं. दिवसातून चारदा, पाचदा.

"काय रे, पोरासारखा खेळतोस त्याच्याशी?" तिने एकदा विचारलं.

"माझं ड्रायव्हिंग आता एवढंच उरलंय," तो हसून म्हणाला.

तिला त्याची इतकी दया आली की पुढे बोलवेना. शिवाय ज्याने रीत घालून दिली त्यालाच रीत कुठे शिकवायची?

जानेवारीतल्या एका गुरुवारी पहाटे सहाची पाळी चुकली. अकुलिना दचकून जागी झाली. आवाजच नव्हता. ती कोट चढवून बाहेर धावली, टॉर्च मारला, तर गाडीखालचा बर्फ काळाकुट्ट झालेला. किल्ली फिरवली, नुसतं टक् वाजलं. इस्पितळातली वेळ अकराची होती.

तिने शेजारच्या मित्रोफानला उठवलं. हा गावचा ट्रॅक्टर चालवणारा, चाळिशीतला, तेरेंतीच्याच हाताखाली शिकलेला. त्याने गोधडी उचलली, नळी उपसून काढली आणि तिला दाखवली. आत बोटाएवढा बर्फाचा दट्ट्या बसला होता.

"संपलं, ताई. सगळं ऑइल खाली, इंजिन जाम." तो नळी उलटसुलट करून बघत राहिला. "पण हे कसं होईल? आठवड्यातून तीनदा शहर करणाऱ्या गाडीत एवढा बर्फ धरतच नाही. कुणीतरी सारखी चालू करून लगेच बंद करत होतं. रोजच्या रोज. तुम्ही तर असं करणार नाही, आणि तेरेंतीदादा तर…"

दोघांनीही खिडकीकडे बघायचं टाळलं.

"माझी गाडी गरम गॅरेजात आहे," मित्रोफान घाईने म्हणाला. "पाच मिनिटांत आणतो. मीच चालवतो. यंदाचा हिवाळाभर नेईन, त्यात काय एवढं? तुम्ही दादांना तयार करा."

ती आत गेली. तेरेंती जागाच होता. रिमोट उशाशी होता.

"तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

त्याने नाकारलं नाही. "मित्रोफानला कळलं वाटतं. हुशार झालाय."

"मेल्या, तीन वर्षं मी रक्ताचं पाणी केलं! झोपले नाही मी धड! आणि तू इथे पडून, माझ्या पाठीमागे…" तिने त्याचे लोकरीचे बूट उचलले आणि त्याच्या पायात कोंबायला लागली. पाय सुजून गार पडले होते. त्याने अडवलं नाही. एक बूट चढला, दुसरा अडकला.

"अकुलिना, तुला सांगितलं होतं मी. तू सूप ओतायला निघालीस."

"मग भांडायचं होतंस!"

"तुझ्याशी भांडून कोण जिंकलंय?" त्याला धाप लागली होती. "म्हटलं, गाडी थंडीने मेली तर कुणाचाच दोष नाही. तू म्हणशील, आपण सगळं केलं, नशीब नव्हतं. तुझ्या मनाला लागायला नको होतं. ते मात्र फसलं."

बाहेर मित्रोफानची गाडी येऊन उभी राहिली. इंजिन घरघरत होतं, आमच्याकडे हिवाळ्यात कुणाच्याही दारात घरघरतं तसंच. आता फक्त याला उचलायचं, की गाडी नेईल. आज नेईल, शनिवारी नेईल. तिच्या हातात सगळं होतं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

"नेलंस तर येईन," तेरेंती म्हणाला. "मला काही पळून जाता येत नाही. पण अकुलिना, मी दमलोय गं."

लग्नाच्या अडतीस वर्षांत या माणसाने दमलो म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. ती तशीच जमिनीवर बसून राहिली, त्याचा पाय मांडीवर घेऊन. तिला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, त्याला मारावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त, त्याला आहे तसं कोटात गुंडाळून नेऊन टाकावंसं वाटत होतं. बऱ्याच वेळाने तिने चढवलेला बूट काढला. दोन्ही पाय गोधडीखाली घेतले आणि कडेने गोधडी नीट दाबली.

मग ती दारात आली. मित्रोफानने पुढची सीट आडवी केली होती, हीटर लावून गाडी वाफेच्या आंघोळीच्या खोलीसारखी तापवून ठेवली होती.

"आणू का दादांना?" त्याने विचारलं. "दोघं मिळून उचलू."

"मित्रोफान," ती म्हणाली, "गाडी बंद कर. आत ये, चहा घे."

"बंद कशी करू ताई, उणे बावन्न आहे! पुन्हा चालू…" त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.