सोमवारची सभा बुधवारी

आमच्या ज्ञातीच्या देवळाच्या जागेचा आराखडा माझ्याकडे आला तो माझ्या गुणांमुळे नव्हे, तर मी घरातली म्हणून. घरातल्या डॉक्टरला जसं कुणीही कुठेही जीभ काढून दाखवतं, तसं घरातल्या आर्किटेक्टला कुणीही लग्नाच्या पंगतीत विचारतं, "आमच्या बाल्कनीचं काय केलंस?"

जागा परळची. पुढे शंकराचं देऊळ, दीपमाळ आणि विहीर, मागे आमची चाळ. सगळी जागा वारसा यादीत. म्हणजे देवळाच्या दगडाला हात लावायचा नाही, विहीर बुजवायची नाही आणि देवळाच्या डोक्यावर चढून बसेल असं काही बांधायचं नाही. उरलेल्या तुकड्यात विश्वस्तांना चाळकऱ्यांची घरं, लग्नाचा हॉल, दवाखाना, अभ्यासिका, रस्त्याकडेला दुकानं आणि 'जमल्यास' ध्यानमंदिर हवं होतं. पार्किंग प्रत्येकाला दोन. जादा काही न मागणारा तिथे एकटा शंकरच होता.

वारसा समितीला आधी आहे ते जसंच्या तसं काढून दाखवावं लागतं. मी काढलं, आणि त्यात फाटकाच्या कडेला मासेवाल्या मावशीची जागाही काढली. ती माझ्या जन्माआधीपासून तिथे पाटी घेऊन बसते. नव्या आराखड्यात रस्त्याकडेचा पहिला गाळा मी तिच्यासाठी ठेवला, नळ आणि मोरीसकट. नाहीतर फाटक सरकलं की तिची जागाच जाणार होती.

आमच्या सभा सोमवारी आरतीनंतर होतात, कारण सगळे आयतेच जमतात. सोमवारी आमची ज्ञाती फार तत्त्वाची असते. कपाळाला भस्म, पोटात साबुदाणा. चिटणीसांनी नकाशावर बोट ठेवलं. "देवाच्या दारात मासे? उद्या लोक काय म्हणतील?" लोक चाळीस वर्षं काय म्हणत होते, हे मी विचारलं. त्यावर अध्यक्ष, ज्यांचं हिंदमात्याला साड्यांचं दुकान आहे, डोळे मिटून म्हणाले, "पावित्र्य महत्त्वाचं." मावशीचा गाळा एकमताने रद्द झाला.

त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. पहिला अध्यक्षांचाच. मांजराने कपाटामागून बोलावं तशा आवाजात म्हणाले, "गो, तिका खंय लांब घालू नको हां. ताजो बांगडो मी खंयसून हाडूचो?" मग खजिनदार, मग चिटणीसांची आई. सगळ्यांना मावशी हवी होती, फक्त सोमवारी नको होती. मला इतका संताप आला की आराखडा विहिरीत टाकावा असं वाटलं, पण विहीरही वारसा यादीत.

मग मी अध्यक्षांच्या बायकोला हाताशी धरलं. करी रोडच्या टॉवरमधल्या त्यांच्या घरी विश्वस्तांना जेवायला बोलावलं, 'आराखड्याची दुरुस्ती' या विषयावर, बुधवारी. मावशीकडची सुरमई, तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार, भात, सोलकढी. कुणी दुसऱ्यांदा भात घेत होतं, कुणी काटा चोखत होतं, तेवढ्यात मी ठराव वाचला: पहिला गाळा मावशीला. मंजूर असेल त्यांनी हात वर करावा. उजवे हात सारात बुडालेले, म्हणून सगळ्यांनी डावे वर केले. चिटणीसांनी डावा हात चालतो का असं विचारलं. इतिवृत्तात कुठला हात ते लिहीत नाहीत, असं मी सांगितलं.

पण चिटणीस शेवटी चिटणीस. हात धुऊन आले, बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणाले, "एक ओळ घाल. मावशी आहे तोवरच. नंतर काहीतरी सभ्य आणू. केक-बिक." माना डोलल्या. मी भडकले, दोनदा बोलले. अध्यक्ष म्हणाले, "एवढं तुझं ऐकलं ना? आता पुरे." आणि त्या पोटभर जेवलेल्या माणसांचा मला खरोखर राग आला.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला सगळं सांगितलं. गाळा, नळ, मोरी आणि ती ओळसुद्धा. ती सुरी पुसत ऐकत होती. सत्तरी कधीच ओलांडलीये तिने.

"बांधून कधी होणार?"

"तीन वर्षं," मी म्हणाले. आमच्या धंद्यात सगळे तीनच म्हणतात. अजून समिती होती, मग महापालिका, मग चाळ रिकामी करणं.

तिने रस्त्यापलीकडच्या टॉवरकडे हनुवटी केली. "त्यांनी पण तीनच सांगितली होती. तेव्हा माझी नात रांगत होती. आता कॉलेजात जाते."

तिने माझे बांगडे साफ केले, पिशवीत भरले. मग पाटीतले आणखी दोन मोठे उचलून वर टाकले. मी पैसे काढायला लागले तर माझा हात तिने ओल्या हाताने दाबून धरला.

"ते राहू दे," ती म्हणाली. "तू फक्त लवकर बांध गो."