मधू मास्तरचं चाक

मधू गेल्याची बातमी आली तेव्हा मी खर्डीजवळच्या आमच्या शेतात राब भाजत होतो. शेण, पाला, गवत रचून जमीन भाजायची आणि पावसाच्या तोंडावर तिथंच भाताचं बी टाकायचं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही; पेपरची पुरवणी वाचणाऱ्या शहरातल्या शहाण्यांसाठी सांगितलं. बायको बांधावरून ओरडली, "अवो, माझा मधू गेला!" पेटलेला राब सोडून माणूस हलत नाही. राब विझला, मग निघालो. मेव्हणा मेला तोही नेमका राबाच्या दिवशी... शेतीतलं त्याला कधी कळलं असतं तर ना!

मुरबाडकडच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. शोकसभेत त्याच्या फोटोमागं रॉकेट छापलं होतं, खाली लिहिलं होतं, 'आमच्या मातीतला अंतराळवीर'. अरे, हा माणूस माळशेज घाटात एसटीच्या खिडकीतून ओकायचा! ज्यांनी त्याला जिवंतपणी येडा मास्तर म्हटलं, तेच माइक धरून रडत होते. मला बोलायला लावलं नाही, ते बरंच झालं. चौथी नापास माणसाच्या तोंडाला कोण लगाम घालणार?

तो काय करत होता ते मी सांगतो. वर अंतराळात माणसं राहतात असं एक स्थानक आहे, त्यात प्रयोगशाळा आहे आणि तिथं ती माणसं बी रुजवतात, हे त्याच्या डोक्यात बसलं. आमच्या पडवीत बसून सांगायचा, "दाजी, तिथं पाणी ओतता येत नाय. त्याचा गोळा होऊन तरंगतो. म्हणून सुईनं टोचून देतात."

"भाताला इंजेक्शन? आजारी हाय का?"

"हसा. पण मुळाला तिथं खाली कुठं तेच कळत नाय."

"ज्याला खाली कळत नाय, ते भात नाय मास्तर. ते तुमच्यासारखं कायतरी असंल."

तो चिडला नाही, हसलाही नाही. मिठाईच्या दुकानात बाहुली फिरवणारी जुनी मोटर असते ना, हळू फिरणारी, ती त्यानं पैदा केली. तिच्यावर सायकलची रिम उभी बसवली. रिमला काचेच्या बाटल्या बांधल्या, बाटलीत ओला कापूस, कापसात मोड आलेलं भात. बी सारखं फिरत राहिलं की मुळाला खाली सापडत नाही, स्थानकात होतं तसंच काहीसं इथं होतं, असं त्याचं म्हणणं. मुळं खरंच रस्ता चुकतात का, एवढंच त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. अख्ख्या जन्माची हाव ती एवढीशी!

तीही पुरी होईना. कारण लोडशेडिंग. लाइट गेली की चाक थांबायचं, आणि चाक थांबलं की मूळ निमूट खाली वळायचं. मग मास्तर लाइट येईपर्यंत चाक हातानं फिरवत बसायचा. बाया हसायच्या, "मास्तर दळाय बसला गो!" पण शाळा, तास, परीक्षा. कधी ना कधी तो उठायचा आणि मूळ खाली जायचं. मी म्हणायचो, "बघ, भात जिंकलं." तो म्हणायचा, "भात नाय जिंकलं दाजी, वीज हरली." पुन्हा नवं बी, पुन्हा तेच... वर्षानुवर्षं. असल्या हट्टाला मी मूर्खपणा म्हणतो, आजही म्हणतो.

चाक शाळेच्या एका खोलीत असायचं, आणि शाळेला ती खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. दहाव्यानंतर चाक भंगारात निघालं. कॉम्प्युटर बसलेत प्लॅस्टिक पांघरून, त्यांना कोण हात लावतो? भंगारवाल्याशी भांडून चाक मी जीपच्या टपावर टाकून आणलं. बायको म्हणाली, "आता कशाला? तो होता तवा नावं ठेवलीत." मी म्हणालो, "माझं भात हाय. मी बघीन काय करतं ते."

मोड आणले, बाटल्या बांधल्या. लाइट असली की मोटर, गेली की मी. मला ना तास, ना परीक्षा. जेवायला उठलो की बायको हात लावते, तोंडानं शिव्या देते, पण फिरवते. गावातले येऊन हसून जातात. त्यांना मी चहासुद्धा विचारत नाही.

आज सकाळी बघितलं. एक मूळ आडवं गेलंय, एक चक्क वर चढलंय, निर्लज्जासारखं. घरचं भात, माझ्या हाताखालचं, आणि त्याला खाली कुठं ते कळेना!

हे लिहायला बसलोय आणि लाइट गेलीय. उजव्या हातात पेन, डावा रिमवर. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. हात थांबला तर ही मुळं खाली वळतील आणि मेलेला माणूस खोटा पडेल. ते मी होऊ देणार नाही.