आमच्या पत्त्यावरची माणसं

धाराशिवला एका संस्थेत मी नऊ वर्षं काम केलं. बेघर माणसांना घर मिळवून द्यायचं, हे संस्थेचं काम. कुणी विचारलं की मी तेवढंच सांगते आणि विषय बदलते. लोक म्हणतात, "किती पुण्याचं काम हो!" तेव्हा मला उठून जावंसं वाटतं.

संस्था म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेले एक सर, मी, आणि महिन्यातून एकदा चहाबिस्किटाला जमणारे कार्यकारिणीचे सभासद. ऑफिस सरांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मागं मोरी आणि संडास, पुढं लोखंडी दार. सर वाईट माणूस नव्हते हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरं बोलेन याची खात्री नाही. स्वतःबद्दल तर नाहीच नाही.

आमची एक पद्धत होती. बेघर माणसाचं घोडं पेंड खातं ते पत्त्यापाशी. राहायला जागा नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून रेशन कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून घरकुलाच्या अर्जाला कुणी हात लावत नाही. सरांनी यावर तोड काढली. ज्याला पत्ता नाही, त्याला संस्थेचा पत्ता द्यायचा. सर लेटरहेडवर लिहून द्यायचे की सदर व्यक्ती वरील पत्त्यावर राहते, आणि पुढचे अर्ज मी भरायची. ही कल्पना मांडली तेव्हा सभासदांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या. बघता बघता आमच्या दोन खोल्यांत कागदोपत्री अकरा कुटुंबं राहायला आली.

मावशी त्यातल्याच. मूळच्या परंड्याकडच्या. नवरा वीटभट्टीवर काम करता करता गेला आणि दिरांनी घरात घेतलं नाही. एका जुन्या गोदामाच्या भिंतीला ताडपत्री बांधून त्या राहायच्या आणि स्टँडजवळच्या खानावळीत भांडी घासायच्या. सोबत वीस-बावीस वर्षांची लेक. पोरीचं अंग वाढलं होतं, समज मात्र सहा-सात वर्षांची असतानाच थांबली होती. दिसायला देखणी. कुणीही हसून बोलावलं की त्याच्यामागं चालायला लागायची. म्हणून मावशी तिला खानावळीत सोबत न्यायच्या, शेजारी बसवून भांडी घासायच्या आणि रात्रभर ताडपत्रीच्या तोंडाशी बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "मावशी, घर कसं पाहिजे तुम्हाला?" आमच्या फॉर्ममध्ये तसा प्रश्नच होता.

"कसलं बी चालतंय, बाई. पत्र्याचं असू द्या. पर दाराला आतून कडी पायजे. एकदा का कडी लावली की म्या आडवी व्हईन. लई वर्सं झाली आडवं होऊन."

मी लिहिलं, 'साधे घर'. कडीसाठी रकाना नव्हता.

आणि रकान्यांचं वेड मला घरातूनच आलेलं. तुळजापूरला आमच्या घरी वडील कारकून, आजोबा कारकून. अर्जातला एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, मोकळा रकाना दिसला की अर्ज परत आलाच म्हणून समजायचं, हे मला बाराखडीबरोबर शिकवलेलं. मावशींच्या कार्डाचा अर्ज भरताना 'घराचा प्रकार' असा रकाना आला. मी मान वर करून बघितलं. डोक्यावर स्लॅब होता. मी लिहिलं, 'पक्के, स्लॅबचे'. नळ? आहे. शौचालय? आहे. सगळं सुवाच्य अक्षरात. अकराही अर्जांत हेच लिहिलं आणि खाली तारीख टाकली. गाढवपणा म्हणतात तो हाच, पण तेव्हा मला माझ्या अक्षराचं कौतुक होतं.

कार्डं आली, गहू-तांदूळ सुरू झाला. मावशींनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलं. मग घरकुलाचा अर्ज गेला. पुढं दोन वर्षं त्या दर आठवड्याला लेकीचा हात धरून ऑफिसच्या पायरीवर यायच्या. "आली का यादी?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर ऐकून कामाला जायच्या.

यादी आली. मावशींचं नाव अपात्रांमध्ये होतं. कारण: अर्जदाराचे पक्के घर आहे. मी ते दोनदा वाचलं. छपाई त्यांची होती, शब्द माझे होते.

मी मावशींना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "पक्कं घर हाय म्हणत्यात? मंग कुठंय? दावा की!" मला हसू आलं. मी खरंच हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

त्याच दुपारी मी हरकतीचा अर्ज लिहिला. सदर महिला बेघर असून उघड्यावर राहते, तरी प्रत्यक्ष पाहणी करावी. मावशींचा अंगठा घेतला आणि सरांना न विचारता देऊन आले. पाहणीचे साहेब ऑफिसात येतील, टेबलं-कपाटं बघतील, मी त्यांना गोदामापाशी घेऊन जाईन आणि काम फत्ते होईल, असं माझं गणित.

पाहणीला येत असल्याचा फोन सरांनी उचलला. त्यांनी मला बसायला सांगितलं. आवाज चढवला नाही. "बाई, ती इथं राहत नाही असं तुम्ही सांगितलंत, तर माझा दाखला खोटा ठरतो. ते जाऊ द्या. पण उरलेल्या दहा घरांची कार्डं रद्द होतील, त्यांना काय सांगणार आहात? तुमच्या मावशीला घर पाहिजे म्हणून तुम्ही उपाशी राहा, असं?"

पाहणीच्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा मी एवढंच म्हणाले, "साहेबांपुढं मी बोलेन, तुम्ही फक्त मान हलवा."

"तुमी म्हंताल तसं," त्या म्हणाल्या. लेकीला नवा फ्रॉक घालून आणला होता. तिच्या मापाचा फ्रॉक मिळत नाही म्हणून दोन शिवून एक केलेला.

साहेब बारा वाजता आले. त्यांनी टेबल बघितलं, फायलींची कपाटं बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. खुळा माणूस नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सरळ मला विचारलं, "या बाई इथं राहतात का?"

सर एक फाईल चाळत होते. मी 'नाही' म्हणाले असते, तर त्या पेनानं त्याच टेबलावर मावशींना घर मिळायची वाट मोकळी झाली असती.

"हो," मी म्हणाले. "मागच्या खोलीत राहतात."

मागच्या खोलीचं त्यांनी विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं. साहेबांनी मावशींकडं बघितलं. मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि सांगितल्याप्रमाणं मान हलवली. त्यांना वाटलं, मी त्यांचं घर मागतेय. साहेबांनी लिहिलं, चहा घेतला आणि गेले. हरकत तिथंच फेटाळली गेली.

दहा घरांचं रेशन वाचवलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलेय. ते खोटंही नाही. पण हो म्हणताना ती दहा घरं माझ्या डोळ्यांपुढं नव्हती. माझी नोकरी होती, सरांचा पडलेला चेहरा होता, आणि अकरा अर्जांवरचं माझं सुवाच्य अक्षर होतं. ते उघडं पडू नये, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या गाठोडं, स्टोव्ह आणि घडी केलेली ताडपत्री घेऊनच. "काल सायबाला सांगितलं न्हवं का तुमी, मागच्या खोलीत ऱ्हातेत म्हणून? मंग आले."

मी त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधला. नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

सर लातूरला लग्नाला गेले होते. मी मागची खोली झाडून दिली. घरकुलाचं काय झालं ते मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी दहा वाजता येऊन बघते तर मागच्या खोलीचं दार आतून बंद. बऱ्याच वेळानं मावशींनी उघडलं. केस सुटलेले, गालावर चटईचे वळ. "डोळाच उघडला न्हाय बगा," त्या ओशाळून म्हणाल्या. "आसं कदी व्हत न्हाय."

सर तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले. खोलीचं मीच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, हे ऑफिस आहे. एकीला ठेवलं की उद्या अकराही येतील. आपण पत्ता दिलाय, घर नाही. पाचला मीटिंग आहे, त्याआधी खोली मोकळी करा."

मावशी खानावळीत होत्या. लेकीला त्यांनी जन्मात पहिल्यांदा एकटीला मागं ठेवलं होतं. मी दार वाजवलं.

"आई न्हाय," आतून आवाज आला. "आईनं सांगितलंय, कुणाला बी उगडायचं न्हाय."

मी लाडीगोडी लावली, बिस्किटाचं आमिष दाखवलं. आयुष्यभर कुणाच्याही मागं जाणारी ती पोरगी ऐकेना. सर म्हणाले, "तिच्या आईलाच घेऊन या." मी गेले. वाटेत मावशींना सगळं सांगितलं, घरकुल नामंजूर झाल्याचंही. त्यांनी हात पदराला पुसले आणि फक्त विचारलं, "आजच?"

दारापाशी आल्यावर त्या आत वाकून म्हणाल्या, "उगड गं बाळा. बाई आल्यात. बाई आपल्याच हाईत."

कडी सरकली. पोरगी मला बघून हसली. मी आत गेले आणि त्यांचं गाठोडं उचललं.