आईने सही केलेली बदाम राणी

मंडळी, आज नातीच्या वाढदिवसाला जादूगार आला होता. पत्त्यावर माझी सही घेतली, पत्ता टराटरा फाडला आणि पुन्हा अख्खा करून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मला आई आठवली.

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. तिसगावच्या बाजारात जादूगाराने आईपुढे बदाम राणी धरली. "मावशी, सही करा."

आई साक्षरतेच्या वर्गात नुकतीच सही शिकली होती. तोवर सगळीकडे अंगठाच. तिने जीभ दाताखाली धरून पूर्ण नाव लिहिलं. तो फाडायला लागताच तिने त्याचं मनगट पकडलं.

"फाडू नको, भाऊ. लई मेहनतीनं लिव्हलंय म्या."

बिचाऱ्याने जादू सोडली आणि राणी आईला देऊन टाकली. ती अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे.

जादूगारांनी सही जरूर घ्यावी. फाडण्याआधी मात्र सही करणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघावं.

तुमच्या आईची पहिली सही कुठे आहे हो?