गोडं पाणी उपसणारा

पंप भाड्याने देणाऱ्या माणसाला दिवसभर मूर्खांशी बोलावं लागतं. आचोळ्याला माझं दुकान आहे, तिथे साइटवरचा कुणीतरी सुपरवायझर फटफटी उभी करतो आणि उतरायच्या आधीच ओरडतो, "शेठ, पाच एचपीचा द्या!" अरे, कशासाठी? पाणी किती आहे, त्यात चिखल किती, वर किती फूट चढवायचं, पाइप किती लांब न्यायचा, काही सांगशील की नाही? तर म्हणतो, "मोठा द्या, म्हणजे झालं." मिशी वाढवावी तसे हे लोक एचपी वाढवतात.

मी त्यांना समजावत बसायचो. काठावर ठेवायचा पंप वीस-बावीस फुटांखालचं पाणी खेचत नाही, तो नुसता बोंबलतो आणि तापतो. खड्डा त्याहून खोल असेल तर पाण्यात सोडायचा पंप घ्या. चिखल असेल तर मड पंप घ्या, साधा लावलात तर चिखल आठ दिवसांत आतला पंखा खाऊन टाकेल. हे सगळं मी घोकून सांगायचो आणि सांगताना मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. वसई-विरारमध्ये इतक्या इमारतींचे पाये मी कोरडे केलेत की रस्त्याने जाताना बायको चिडवायची, "हीपण तुमचीच का?" मी हो म्हणायचो.

माझी थोरली बहीण निर्मळजवळच्या एका गावात दिलेली. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगी लग्न होऊन पुण्याला. ताई एकटीच वाडी सांभाळायची: केळी, पानवेली, कडेला मोगरा, आणि मधोमध विहीर. त्या विहिरीवर तिचं सगळं चालायचं. पानवेल फार नाजूक जात, पाण्यात जरा खारटपणा आला की मान टाकते. ताईची पानं वसईच्या बाजारात लोक विचारून घ्यायचे.

तिच्या कुंपणाला लागून असलेली वाडी विकली गेली आणि तिथे इमारत आली. खाली गाड्यांसाठी तळघर, म्हणजे खड्डा खोल. पंपाचं काम माझ्याकडे आलं. सुपरवायझर बिचारा म्हणत होता, दोन लहान पंप लावू, दिवसा चालवू, काम हळू झालं तर होऊ दे. मीच अंगात आल्यासारखा बोललो, "हळू कशाला? दोन मोठे सोडा आणि रात्रंदिवस चालवा. महिन्याभरात तळ कोरडा करून देतो." शहाणपण पाजळायची सवय, दुसरं काय!

पंप चालू करायच्या आदल्या दिवशी ताई कुंपणापाशी आली. म्हणाली, "काय रे, माझ्या विहिरीचं पाणी नाही ना जाणार?"

मी हसलो. "ताई, तुझी विहीर कुठे, त्यांचा खड्डा कुठे! तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

खरं सांगतो, मला तेव्हाच शंका होती. मधलं अंतर पन्नास पावलं, जमीन सगळी वाळूची. पण काम मोठं होतं आणि शंका बोलून दाखवली असती तर काम गेलं असतं. मी गप्प बसलो, याची मला आज लाज वाटते.

पहिले दोन दिवस पाइपातून गढूळ पाणी आलं. तिसऱ्या दिवशी ते काचेसारखं स्वच्छ झालं. साइटवर स्वच्छ पाणी आलं की आम्ही खूश होतो, वाळू ओढली जात नाही, पंप बरोबर बसलाय, असं समजतो. मी ओंजळ भरून ते प्यायलो आणि सुपरवायझरला म्हणालो, "घ्या, बिसलरी! गोडं आहे." तो पण प्यायला. ते पाणी गटारातून खाडीला चाललं होतं. कुणाच्या पोटातलं गोडं पाणी मी पितोय हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला, मोटर पाणी उचलत नाही. मी गेलो. विहिरीतलं पाणी इतकं खाली गेलं होतं की पाइपाच्या खालच्या तोंडाची झडप, म्हणजे फुटवॉल, हवेत लोंबत होता. मी काय केलं? पाच फूट पाइप जोडून फुटवॉल खाली सोडला आणि म्हणालो, "झालं बघ, चालू." ताईने मला चहा दिला. माझ्या हुशारीवर खूश होती बिचारी.

मग एक दिवस तिचा चहा फुटला. तिला वाटलं दूध नासकं. दुसऱ्या दिवशी परत फुटला. आठवडाभरात केळीच्या पानांच्या कडा करपल्या आणि पानवेली खालून पिवळ्या पडत गेल्या. त्याच सुमारास साइटवरच्या इंजिनिअरने खड्ड्यातलं पाणी तपासून घेतलं आणि सांगितलं, हे खारं झालंय, सिमेंटला मारू नका, सळया गंजतील. दुसऱ्या दिवसापासून गोड्या पाण्याचे टँकर सुरू. खांबांना गोणपाटं गुंडाळायची आणि त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ गोडं पाणी मारायचं. कुंपणाच्या अलीकडे ताईच्या वेली वाळत होत्या आणि पलीकडे खांब भिजत होते.

ताई एकदा हंडा घेऊन टँकरपाशी गेली. वॉचमन म्हणाला, "ये काम का पानी है, माँजी." मी तिथेच उभा होतो, पंपाची वायर बघत. एक शब्द टाकला असता तर हंडा भरला असता. मी वायरच बघत राहिलो. थू माझ्या जिण्यावर!

आणखी महिन्याभरात तळ बांधून झाला, पंप निघाले. ताईच्या विहिरीचं पाणी परत वर चढलं. चव मात्र मचूळ. पिण्याजोगं नव्हतं, तरी केळीला कसंबसं चालत होतं. ताई म्हणाली, "राहू दे आता. एक-दोन पावसाळे जाऊ देत, आपोआप निवळेल."

इथे मी खरी माती खाल्ली.

आमच्याकडे ईस्टरनंतर, उन्हाळा तापला की, विहीर उपसायची पद्धत. शेजारपाजारचे चार बाप्ये जमतात, पाणी काढतात, गाळ उचलतात, झऱ्यांची तोंडं मोकळी करतात. नवं पाणी भरलं की म्हणतात, विहीर शुद्ध झाली. लहानपणापासून मी हेच बघितलेलं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की खराब पाणी सगळं उपसून काढलं की झऱ्यातून गोडं येणार. पण आमचे जुने लोक दिवसभर थोडं थोडं पाणी काढायचे आणि कमरेइतकं ठेवायचे. मी मात्र पंपवाला! दुकानातला साडेसात एचपीचा आणून विहिरीत सोडला.

"अरे, एवढा मोठा कशाला?" ताई म्हणाली. "हळू काढ ना."

"तू मला पंप शिकवू नकोस," मी खेकसलो. "आयुष्य गेलं माझं यात."

तीन दिवस पंप चालवला. तळाची वाळू वर आली, एका बाजूचे दगड सुटून आत पडले, आणि मग पाणी आलं ते सरळ समुद्राचं. हातावर घेतलं तर हात चिकट होत होता. मी घाबरून पंप बंद केला. ताईला म्हणालो, पाऊस पडला की ठीक होईल. पाऊस पडला, वरचं पाणी चार दिवस बरं लागलं, दिवाळीपर्यंत परत मीठ. पानवेली सगळ्या गेल्या. केळी ताईने स्वतःच कोयत्याने तोडली.

गावात एक रिटायर्ड शिक्षक आहेत. मी त्यांना विचारलं की असं कसं झालं. ते म्हणाले, "आपल्याकडे समुद्र जवळ. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी असतं, दुधावर साय असते ना, तसं. साइटने साय काढली. जी थोडी उरली होती ती तू खरवडलीस." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

ताई मात्र सगळ्यांना एकच सांगायची, "बिल्डरने माझी विहीर मारली." रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात बायका विचारायच्या तेव्हाही तेच. मी बाजूला उभा असायचो. तिने साडेसात एचपीच्या पंपाचं नाव एकदाही काढलं नाही. मला वाटायचं, तिला कळलेलंच नाही. आणि देवाशपथ सांगतो, मला त्याचं बरं वाटायचं.

मग गावाने बिल्डरविरुद्ध अर्ज करायचं ठरवलं. विहीर कशी खारी झाली ते लिहिलं आणि सगळ्यांनी आग्रह धरला की पंपातलं कळणाऱ्या माणसाची सही हवी, म्हणजे माझी. अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, उद्या देतो. त्याच दिवशी संध्याकाळी ताईकडे गेलो. ती जारमधलं विकतचं पाणी कळशीत ओतत होती.

मी म्हणालो, "ताई, मी सही करू शकत नाही. बिल्डरने निम्मी मारली. उरलेली मी मारली. तू थांब म्हणत होतीस."

ती ओतायची थांबली नाही. "मला काय तू वेडी समजतोस? त्या विहिरीचं पाणी चाळीस वर्षं प्यायलेय मी. तुझा पंप लावायच्या आधी ते मचूळ होतं, नंतर मीठ झालं. त्याच दिवशी कळलं मला."

"मग लोकांना सांगितलं का नाहीस?"

तिने कळशीवर झाकण ठेवलं. "विहीर गेली ती गेली. आई-बाबा आधीच गेलेत. माहेर म्हणून तू एक उरलायस. तुझं नाव घेतलं तर सणाला मी जाऊ कुणाकडे?"

मला रडू आलं. ती रडली नाही. म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन सही करून ये."

मी गेलो. अर्जात सगळं बिल्डरनेच केलं होतं. खाली मी सही केली, पंपांचा जाणकार म्हणून.