सीवर्टच्या नावाचा सामना

गुनहिल्डवहिनी कुणाचं काही विसरत नसे. शेजारच्या ओस्मुंडने तिची एक कोंबडी पळवली, तर तो मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. अंत्यविधीला मात्र गेली आणि शवपेटीत वाकून नीट बघून आली. "खात्री केली," म्हणाली. मी तिची नणंद. माझा भाऊ धान्याच्या कोठारात गुदमरून गेला तेव्हापासून आम्ही दोघी कॉलेजच्या पोरांची खाणावळ चालवत होतो, त्यामुळे तिचा स्वभाव मला पुरता ठाऊक. गावाला तो त्या वर्षी कळला.

तिचा एकुलता एक मुलगा सीवर्ट कॉलेजच्या फुटबॉल संघात होता. तेव्हाचा फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरायचा आणि अकरांनी अकरांच्या अंगावर जायचं. डोक्याला संरक्षण म्हणाल तर वाढवलेले केस तेवढे. नोव्हेंबरात नदीपलीकडच्या कॉलेजाशी त्यांच्या मैदानावर सामना झाला. सीवर्ट ढिगाखाली सापडला आणि कुणीतरी त्याच्या छातीवर गुडघा दिला. बरगडी आत घुसली. पोरगा घरी आला तो आगगाडीच्या सामानाच्या डब्यातून, पेटीत.

गुडघा कुणाचा, हे कुणी सांगेना. "गर्दीत कळलंच नाही, मावशी," कप्तान हालवर म्हणाला. हालवर म्हणजे सीवर्टचा जिवलग, आमच्याच पायरीवर वाढलेला.

पुढच्या हंगामात पोरांनी शपथ घेतली की सगळे सामने सीवर्टसाठी जिंकायचे. शेवटचा, थँक्सगिव्हिंगच्या सणाचा, त्याच नदीपलीकडच्यांशी, या खेपेला आमच्या मैदानावर. त्या दिवशी वहिनीने प्रत्येक गड्याच्या दंडावर काळी फीत बांधावी, असं ठरलं. वहिनीला फार बरं वाटलं. पोरगा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच आरशासमोर उभी राहिलेली मी बघितली. संघाला ती हवं तसं वाढू लागली: अर्धकच्चं मांस, शिळा पाव, आणि गोडधोड अजिबात नाही. गोड खाल्लं की दम लागतो, असं त्यांचं शास्त्र होतं.

त्या वर्षी संघात एक नवा गडी आला. नाव सांगितलं क्लार्क. धर्मशास्त्राच्या वर्गात नाव घातलेलं, पण बायबल उलटं धरलं असतं तरी त्याला कळलं नसतं. वय तिशीच्या घरातलं. असे भाडोत्री गडी तेव्हा बरीच कॉलेजं ठेवायची. आज इकडे, उद्या तिकडे, दर ठिकाणी नवं नाव. आमच्या गावात कुणी चौकशी केली नाही, कारण तो आल्यापासून आम्ही हरतच नव्हतो. सीवर्ट कोण, हे त्यानेही कधी विचारलं नाही. त्याला शनिवारशी मतलब.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी जेवताना तो रंगात आला.

"हे कसले सामने? गेल्या साली मी नदीपलीकडे खेळत होतो. बर्फ पडलेलं. समोर एक डावखुरं पोरगं, सारखं माझ्या पायात यायचं. दिला गुडघा ठेवून. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला बघा."

"कुठल्या कॉलेजाचं?" वहिनीने विचारलं.

"कोण लक्षात ठेवतंय. सगळी सारखीच."

टेबलावर कुणी हसलं नाही, पण कुणाला धक्काही बसला नाही. सगळे आपापल्या ताटात बघत होते. सीवर्ट डावखुरा होता. वहिनी बटाट्याचं भांडं घेऊन उभी होती. तिने त्या खाली घातलेल्या माना बघितल्या आणि तिला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या: हा कोण ते, आणि पोरांना ते पहिल्यापासून माहीत होतं हे.

तिने क्लार्कच्या ताटात बटाटे वाढले. "आणखी देऊ?"

"द्या की. हाताला चव आहे तुमच्या."

स्वयंपाकघरात मी म्हटलं, "कपाटात उंदराचं औषध आहे."

"मेला तर सुटेल," वहिनी म्हणाली. "आणि त्याच्या एकट्याचं काय घेऊन बसलीस? त्याला आणला कुणी?"

"मग हालवरला बोलाव. आत्ताच्या आत्ता झाड त्याला."

"नाही. फिती बांधायला मला त्यांनीच चार लोकांत बोलावलंय ना? तेव्हा जाईन."

तोवर तिने त्या माणसाला बोकड पोसतात तसा पोसला. चांगला तुकडा त्याच्या ताटात. माझा मात्र जीव जळायचा.

सामन्याच्या दिवशी आसपासच्या गावांतून गाड्या भरून माणसं आली. बँड वाजत होता. वहिनी काळ्या लोकरी झग्यात मैदानावर गेली आणि रांगेतल्या पोरांना एकेक फीत बांधत गेली. हालवर तर रडला. शेवटी क्लार्क उभा होता. तिथे ती थांबली.

"ही फीत कुणासाठी, माहीत आहे?" तिने मोठ्याने विचारलं.

"तो तुमचा कोण... मेलेला पोरगा."

"नाव काय त्याचं?"

त्याने हालवरकडे बघितलं. हालवरने मान फिरवली. बँड थांबला होता.

"सीवर्ट. मी त्याची आई. ज्याच्या बरगडीचा आवाज तू ऐकलास, तो." मग ती लोकांकडे वळली. "माझा पोरगा यानं मारला. या दहा जणांना ते माहीत होतं, आणि सीवर्टसाठी जिंकायला म्हणून त्यांनी यालाच आणला."

ती रांगेतून उलटी फिरली आणि बांधलेल्या फिती सोडू लागली. एकानेही हात मागे घेतला नाही. हालवर तेवढा पुटपुटला, "मावशी, त्याच्यासाठीच जिंकायचं होतं."

"त्याला जिंकून काय करायचं होतं, हालवर? तो मेलाय."

सामना झाला आणि आम्ही जिंकलो. काही लोक उठून गेले. पण बरेच थांबले, आणि दुसऱ्या डावात पुन्हा ओरडू लागले. त्या ओरडण्याचा मला अजून संताप येतो.

क्लार्क त्याच संध्याकाळच्या गाडीने दुसरीकडे गेला. दुसऱ्या दिवशी हालवर दारात आला. जिंकलेल्या सामन्याच्या चेंडूवर गुणांचे आकडे रंगवून तो सभागृहात ठेवायची रीत होती. यांनी आकड्यांखाली पांढऱ्या रंगात सीवर्टचं नाव लिहिलं होतं. "हा आधी तुम्हाला दाखवायला आणला, मावशी."

वहिनीने चेंडू मांडीवर घेतला, बटाटे सोलायची सुरी उचलली आणि मुलाचं नाव खरवडून काढलं. एकेक अक्षर. खाली कातडं उघडं पडलं. आकड्यांना तिने हात लावला नाही.

"हा घे. आता तुमचा झाला."

चेंडू आजही सभागृहात काचेमागे आहे. संघाला आम्ही पुन्हा जेवू घातलं नाही, पण इतर पोरं यायची. हालवर पुढे त्याच कॉलेजात मास्तर झाला. दर वर्षी नवी पोरं जेवायला बसली की वहिनी वाढता वाढता सांगायची, "सभागृहातला तो चेंडू बघून या. आकड्यांखाली काय लिहिलेलं होतं, ते हालवर मास्तरांना विचारा. सांगतील."